मासळीची तक्षीम आणि तिचें प्रमाण

महजर, निवाडे, करीने आणि वंशावळी ह्यांचीच चर्चा जेथें नित्य चालते, त्या ह्या पानांत समुद्रांतील मासळीचा विषय आलेला पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. त्यांतून लेखक राहणारा नांदेडचा. समुद्र येथून शंभर कोसांहून अधिक दूर. तेव्हां हा विषय हातीं घेण्यास जें कारण घडलें तें प्रथम निवेदन करणें उचित होय.

कांहीं दिवसांपूर्वीं कंधार तालुक्यांतील एका गांवीं मोडी कागदांचा एक रुमाल पाहण्यास आम्ही गेलों होतों. रुमालांत पाटिलकीच्या तक्षिमेचा एक कागद निघाला. त्याच घराच्या माळ्यावर रद्दीच्या ढिगांत शेजारच्या तलावावर मासे धरणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या जुन्या वह्या पडल्या होत्या. पानोपानीं तारीख, सभासदाचें नांव, मासळीची जात व वजन इतकाच मजकूर. घरधन्यानें रुमाल दुहेरी कापडांत बांधून ठेवला होता. वह्या मात्र किलोवारी विकावयास काढल्या होत्या. आम्हीं कारण पुसलें तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, मोडी कागद वाडवडिलांच्या हक्काचा आहे. ह्या वह्यांत काय आहे? मासे तर तेव्हांच खाऊन संपले."

हें उत्तर त्या गृहस्थाचें एकट्याचें नव्हे; आम्हां संग्राहकांचेंही तेंच आहे. तें चुकीचें कसें, हें दाखविण्यासाठीं जगांत गेल्या चाळीस वर्षांत मासळीच्या हिस्सेबंदीची जी रीत निघाली तिची ओळख करून देण्याचें योजिलें आहे. ह्या रीतीचा सारा प्रपंच अखेर एका प्रश्नावर येऊन ठेपतो: हिस्सा कोणाचा, आणि तो कोणत्या प्रमाणानें? हा प्रश्न आमच्या वाचकांइतका दुसऱ्या कोणास परिचित असेल असें वाटत नाहीं.

(१) हिस्सेबंदीची गरज कां पडली

शेत, विहीर, झाड ह्यांस मालक असतो. पाण्यांतील मासा जाळ्यांत येईपर्यंत कोणाचाच नसतो. जो आधीं धरील त्याचा. जोंवर जाळीं लहान व नौका वल्ह्यांच्या व शिडांच्या होत्या, तोंवर ह्या न्यायानें फारसें बिघडलें नाहीं. यंत्रनौका व ट्रॉल जाळें आल्यावर स्थिति पालटली. ट्रॉल म्हणजे तोंडाशीं रुंद व शेपटाकडे निमुळतें होत जाणारें पिशवीवजा जाळें. यंत्रनौका तें समुद्राच्या तळावरून किंवा मधल्या पाण्यांतून ओढीत नेते, आणि वाटेंत जें येईल तें त्या पिशवींत जमा होतें.

आपण न धरलेली मासळी शेजारी धरणार, हें प्रत्येक तांडेलास ठाऊक. म्हणून प्रत्येक जण मोठें यंत्र व मोठें जाळें घेतो. सरकारनें हंगाम आखडला तर तितक्याच मुदतींत अधिक नौका धांवतात. मासळी कमी होते, कर्ज वाढतें, आणि वादळांतही नौका लोटावी लागते. कारण घरीं बसणें म्हणजे आपला घांस दुसऱ्यास देणें. ह्या शर्यतीवर तोड म्हणून अशी कल्पना निघाली कीं, वर्षांत एकंदर किती मासळी धरावयाची तें आधीं ठरवावें, त्या रकमेच्या तक्षिमा पाडाव्या, आणि प्रत्येकानें आपली तक्षीम आपल्या सोयीनें वर्षभरांत उचलावी. शेजाऱ्यानें घाई केली तरी आपला हिस्सा बुडत नाहीं, म्हणून धांवण्याचें कारण उरत नाहीं. ह्या व्यवस्थेस आम्ही हिस्सेबंदी म्हणतों. तिकडे तिला कोटा म्हणण्याचा प्रघात आहे.

(२) जुन्या आधारांत काय सांपडतें

जलचरांवर राजशासनाचा निर्बंध ही गोष्ट भरतखंडास नवी नाहीं. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीं, कांहीं पौर्णिमांच्या आसपास व उपोसथाच्या दिवशीं मासे मारूं अगर विकूं नयेत अशी आज्ञा आहे. त्याच लेखांत 'केवटभोग' असा शब्द आला असून त्याचा अर्थ धीवरांचीं राखीव पाण्याचीं स्थळें असा करितात. म्हणजे काळाचा निर्बंध व स्थळाचा निर्बंध हे दोन्ही त्या काळीं विदित होते.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्री ह्यांच्या हातीं इ. स. १९०५ त लागली व ग्रंथ १९०९ त छापून निघाला. त्यांत नावध्यक्षाच्या अध्यायांत मासे धरणारांनीं नौकेच्या भाड्यादाखल षष्ठांश द्यावा असें सांगितलें आहे. जनपदनिवेशाच्या अध्यायांत तर सेतूंवरील, म्हणजे बांध घालून केलेल्या जलाशयांवरील, मासे, तराफे आणि भाजीपाला ह्यांवर राजाचें स्वाम्य सांगितलें आहे. आजही धरणांतील पाण्यावर सरकारचें स्वामित्व असून मासेमारीचा हक्क ठेक्यानें दिला जातो. दोहोंत दोन हजार वर्षांचें अंतर असलें तरी तत्त्व एकच आहे.

आमच्या प्रांताशीं अधिक जवळचा आधार म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा मानसोल्लास. शके १०५१ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ह्या ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण असून सुमारें पस्तीस जातींचे मासे, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें व त्यांस घालावयाचें आमिष ह्यांचें वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं इ. स. १९५१ त ह्या प्रकरणाचा परामर्श घेतला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सरहद्दीपासून तें फार दूर नाहीं.

परंतु ह्या तिन्ही ठिकाणीं काळ, स्थळ, कर व जाति ह्यांचा विचार असला तरी एकंदर किती धरावें व त्यांत कोणाचा वांटा किती, हा विचार नाहीं. तो आधुनिक काळाचा आहे. मात्र ज्या तर्कशास्त्रावर तो उभा आहे तें आमच्या धर्मशास्त्रांत व वतनी कागदांत पूर्वींपासून आहे.

(३) योजनेचीं पांच अंगें

कोणतीही हिस्सेबंदी पाहिली तरी तिचीं पांच अंगें दिसतात. पहिलें, बेरीज: जाणत्यांनीं साठ्याची मोजदाद करून वर्षाची धरावयाची रक्कम ठरविणें. दुसरें, हक्कदार: तांडेल, नौकेचा मालक, खलाशी, मासळी साफ करणारा कारखानदार, कीं गांव? तिसरें, प्रमाण: हक्क कशावरून मानावयाचा. चौथें, हिस्स्याचें स्वरूप: तो वजनाचा कीं अंशाचा, विकतां येतो कीं नाहीं, किती मुदतीचा. पांचवें, तोलणी व झडती: किनाऱ्यावर उतरलेलें आणि समुद्रांत फेंकून दिलेलें दोन्ही मोजणें.

ट्रॉलच्या मासेमारींत पांचवें अंग सर्वांत बिकट. ओढजाळें जाति निवडीत नाहीं. मुबलक जातीबरोबर दुर्मिळ जातही येते. तिचा हिस्सा पुरा झाला असेल तर तांडेल ती गुपचूप पाण्यांत टाकून देतो, आणि मेलेली मासळी कोणत्याच हिशेबांत येत नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तळाच्या मासळीची स्थिति इतकी खालावली कीं इ. स. २००० त तेथील सरकारनें ती आपत्ति म्हणून जाहीर केली. २००३ त ९१ ट्रॉल नौका मोबदला देऊन धंद्यांतून काढल्या. २०११ च्या जानेवारीपासून हिस्सेबंदी अमलांत आली, तेव्हां प्रत्येक नौकेवर प्रत्येक फेरीस एक निरीक्षक ठेवण्याचा नियम झाला, आणि टाकून दिलेली मासळीही हिस्स्यांत धरली जाऊं लागली. दुर्मिळ जातीचा हिस्सा संपला कीं, मुबलक जातीचा शिल्लक असला तरी, नौकेनें दुसऱ्याकडून हिस्सा मिळवावा नाहीं तर थांबावें. ह्या धाकानें तांडेल दुर्मिळ जातीचीं ठिकाणें टाळूं लागले. कॅनरी रॉकफिश नांवाची जात, जिचा साठा खालावलेला ठरला होता, ती २०१५ त पुन्हा भरून आल्याचें ठरलें. अर्थात् मासेमारीवरील आधींचे निर्बंधही त्यास कारण होते. सर्व श्रेय हिस्सेबंदीस देणें न्याय्य नव्हे.

(४) लिखित, भुक्ति आणि साक्षी

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. याज्ञवल्क्यानें हक्क सिद्ध करण्याचीं मानुष प्रमाणें तीन सांगितलीं आहेत: लिखित, भुक्ति आणि साक्षी. त्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीसच, सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटींत होऊन गेला. मासळीच्या बाबतींत प्रारंभीं लिखित नसतें, कारण समुद्राची सनद कोणास कोणीं दिली नाहीं. उरते ती भुक्ति, म्हणजे वहिवाट: मागील अमुक वर्षांत अमुक नौकेनें किती मासळी आणली. बहुतेक देशांनीं हेंच प्रमाण धरलें. आइसलंडांत इ. स. १९८४ त तळाच्या मासळीचे हिस्से पाडले, ते मागील तीन वर्षांच्या आवकेवरून. अमेरिकेच्या वर सांगितलेल्या योजनेंत १९९४ ते २००३ हीं वर्षें धरलीं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत १९९७ त ट्रॉल नौकांचा हिस्सा शेंकडा ७० वहिवाटीवरून व शेंकडा ३० नौकेच्या लांबीवरून ठरविला.

वहिवाटीच्या प्रमाणांत तीन विघ्नें आहेत, आणि तिन्ही आमच्या वाचकांनीं निवाड्यांतून पाहिलेलीं आहेत.

पहिलें विघ्न बनावट वहिवाटीचें. पुढें हिस्सा आवकेवरून मिळणार अशी कुणकुण लागली कीं जो तो आवक फुगवूं लागतो, आणि जी शर्यत थांबवावयाची तीच वाढते. ह्यावर उपाय म्हणजे एक दिवस जाहीर करणें, कीं ह्यानंतरची वहिवाट जमेस धरली जाईलच असा भरंवसा कोणीं बाळगूं नये. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा दिवस ६ नोव्हेंबर २००३ हा होता. योजना अमलांत आली त्याच्या सात वर्षें आधीं. वाद सुरू झाल्यानंतर केलेली वहिवाट ग्राह्य धरूं नये, हा विवेक आमच्या गोतसभांसही होता.

दुसरें विघ्न असें कीं, ज्यानें संयमानें थोडी मासळी धरली त्याची भुक्ति थोडी, आणि ज्यानें साठा ओरबाडला त्याची मोठी. म्हणून कांहीं अंश वहिवाटीवर व कांहीं अंश समान वांटण्याची तडजोड निघाली. अमेरिकेंत मोबदला देऊन काढलेल्या ९१ नौकांची वहिवाट उरलेल्या परवानेदारांत समान वांटली. एकंदर हिस्स्यांपैकीं शेंकडा १० राखून ठेवले, ते अडचणींत येणाऱ्या गांवांच्या व नव्या माणसांच्या उपयोगीं पडावे म्हणून.

तिसरें विघ्न सर्वांत गंभीर: ज्याची नोंदच नाहीं तो. न्यूझीलंडांत १ ऑक्टोबर १९८६ पासून हिस्सेबंदी आली. परंतु त्याआधीं तीन वर्षें, १९८३ त, अर्धवेळ मासेमारी करणारांस धंद्यांतून वगळण्यांत आलें होतें. त्यांत मूळच्या माओरी लोकांची संख्या मोठी होती. थोडी शेती, थोडी मजुरी व थोडी मासेमारी अशी त्यांची उपजीविका. हिस्से पडले तेव्हां त्यांची भुक्ति कोणत्याच वहींत नव्हती. मग त्यांनीं लिखिताचा आधार घेतला. इ. स. १८४० त वैतांगी येथें ब्रिटिश राजसत्तेशीं झालेल्या तहाचा तो कागद. ह्या तहाचे दोन पाठ आहेत. इंग्रजी पाठाच्या दुसऱ्या कलमांत मासेमारीच्या जागांचा स्पष्ट उल्लेख आहे. माओरी पाठांत तेथें 'ताओंगा', म्हणजे मौल्यवान ठेवा, असा व्यापक शब्द आहे. ह्या जुन्या कागदाच्या बळावर १९८७ त न्यायालयानें हिस्सेबंदीचा पुढील विस्तार रोखला. १९८९ च्या कायद्यानें हिस्स्यांपैकीं शेंकडा १० माओरींस देण्याचें ठरलें; १९९२ च्या समझोत्यानें सीलॉर्ड ह्या मोठ्या मासेमारी कंपनीची अर्धी मालकी आणि पुढें हिस्सेबंदींत येणाऱ्या जातींचे शेंकडा २० हिस्से त्यांस मिळाले. जो कागद एकेकाळीं केवळ संग्रहालयाचा विषय वाटला असता, त्यानें दीडशें वर्षांनंतर एका राष्ट्राची समुद्रावरील वांटणी बदलली.

(५) वजन कीं अंश

हिस्सा वजनांत द्यावा कीं अंशांत, हा पुढील प्रश्न. न्यूझीलंडांत प्रथम तो ठराविक वजनांत दिला. साठा कमी असल्याचें दिसून आलें तेव्हां एकंदर रक्कम घटविणें प्राप्त झालें; पण दिलेलें वजन परत घ्यावयाचें तर सरकारनें तें पैसे देऊन विकत घेतलें पाहिजे, असा पेंच पडला. म्हणून १९९० त वजनाचा हिस्सा काढून अंशाचा केला. एकंदर रक्कम १००० मण ठरली तर चाळिसांशाच्या धन्यास २५ मण, आणि ती ६०० मणांवर आली तर त्यासच १५ मण. तेजी-मंदी सर्वांस सारखी लागते.

लातूरकरांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून आगगाडीनें पाणी लातुरास आलें; पहिल्या फेरीस दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर. धरणांत पाणीच नसतां अमुक घनफूट माझे, ह्या हक्कास काय किंमत? आहे त्यांत अमुक अंश माझा, हाच हक्क खरा. आमच्या पूर्वजांनीं वतनाची वांटणी 'तक्षीम' ह्या शब्दानें केली ती ह्याच जाणिवेनें. अर्धी पाटिलकी म्हणजे उत्पन्न येईल त्याचें अर्धें. गांव ओस पडला तर ओसाडीचेंही अर्धें.

(६) हिस्सा आणि मेहनत ह्यांची फारकत

हिस्सा विकतां यावा कीं नाहीं, ह्यावर तीव्र मतभेद आहेत. विक्रीची मुभा असली तर नुकसानींत चालणारी नौका हिस्सा विकून मानानें बाहेर पडते आणि नौकांची गर्दी कमी होते, हा लाभ खरा आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. आइसलंडांत १९९० च्या कायद्यानें हिस्से मोकळेपणीं विकतां येऊं लागले, आणि ते थोड्या मोठ्या घराण्यांकडे व कंपन्यांकडे गोळा होत गेले. ज्यांच्यापाशीं हिस्सा उरला नाहीं ते खंड देऊन मासे धरूं लागले. तेथील भाषेंत एका वर्गास समुद्राचे सरदार व दुसऱ्यास कुळें अशीं नांवें पडलीं. आणि हें घडलें तें अशा कायद्याखालीं, ज्याच्या पहिल्याच कलमांत मासळीचे साठे ही सर्व राष्ट्राची सामाईक मालमत्ता असल्याचें म्हटलें आहे.

आमच्या वाचकांस हें चित्र ओळखीचें वाटेल. वतनदार पुण्यास किंवा हैदराबादेस, आणि गांवचें काम पाहणारा गुमास्ता. हक्काचे रुपये एकाकडे, पावसाचिखलांतील पायपीट दुसऱ्याकडे. वतन मूळचें सेवेचें. पुढें सेवा गळाली व हक्क उरला. मासळीचा हिस्साही मूळचा मेहनतीच्या भुक्तीवरून मिळालेला; तो विकतां येऊं लागतांच मेहनतीपासून सुटतो.

येथें विज्ञानेश्वराचा एक विवेक ध्यानांत घेण्याजोगा आहे. दुसऱ्यानें वीस वर्षें भूमि किंवा दहा वर्षें इतर धन उपभोगलें व धनी उघड्या डोळ्यांनीं गप्प राहिला, तर धन्याची हानि होते असें स्मृतिवचन आहे. मिताक्षरा म्हणते, ती हानि फळाची. मूळ वस्तूच्या स्वामित्वाची नव्हे. मासळीच्या हिस्स्यासही हाच न्याय लावला पाहिजे. वहिवाटदारास फळ मिळो. समुद्राचें स्वाम्य मात्र सर्वांचें राहो. अमेरिकेच्या कायद्यानें हिस्सा ही मालमत्ता न मानतां सरकारास मागें घेतां येणारी सवलत मानली. पहिलीं कांहीं वर्षें हिस्से विकण्यास बंदी ठेवली. आणि एका धन्यानें किती हिस्से बाळगावे ह्यास मर्यादा घातली. ब्रिटिश कोलंबियांत शेंकडा २० भाग किनाऱ्यावरील गांवांच्या व कामगारांच्या हिताचा विचार करून वांटण्याची योजना केली. ह्या मर्यादा पुरेशा आहेत कीं नाहींत ह्याविषयीं वाद चालूच आहेत. परंतु मर्यादांवांचून हिस्सेबंदी करूं नये इतकें निर्विवाद आहे.

(७) आपल्याकडील स्थिति

महाराष्ट्राच्या सागरी मासेमारीस १९८१ चा नियमन कायदा लागू आहे. त्याचे निर्बंध जाळें, नौका, स्थळ व काळ ह्यांचे आहेत. जून व जुलै महिन्यांत यंत्रनौकांस बंदी असते; ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा घातल्या. वजनाची हिस्सेबंदी आपल्या किनाऱ्यावर नाहीं, आणि तिकडील रीत जशीच्या तशी येथें उचलतां येणार नाहीं हेंही स्पष्ट आहे. उष्ण समुद्रांतील एका ओढीस अनेक जाति येतात. प्रत्येकीची बेरीज ठरविणें दुर्घट. नौका अनेक, मालक लहान, बंदरें विखुरलेलीं. प्रत्येक नौकेवर निरीक्षक कोठून आणावा?

परंतु हिस्स्याची भावना किनाऱ्यास नवी नाहीं. सिंधुदुर्ग व गोमंतकांत रापण ओढतात तेव्हां नौकेचा, जाळ्याचा व ओढणाराचा असे वांटे पडतात. तेथें हक्कदार एक माणूस नसून सगळा संच असतो. यंत्रनौका किनाऱ्यालगत येऊं लागल्या तेव्हां १९७० नंतरच्या दशकांत गोमंतकांतील रापणकारांनीं मोठें आंदोलन केलें, त्यांतूनच तेथें १९८० चा कायदा झाला. संचाचा हिस्सा विकून निघून जाणें एकट्यास शक्य नसतें, हा त्या व्यवस्थेचा मोठा गुण आहे.

मराठवाड्यांतील जलाशयांवर ह्याच जातीची व्यवस्था आहे. गोदावरीवरील विष्णुपुरी, मन्याड नदीवरील बारूळ व लिंबोटी, मांजरेवरील धनेगांव अशा जलाशयांच्या कांठीं भोई समाजाचे व इतर लोक मासे धरून राहतात. सरकार ठराविक वर्षांच्या ठेक्यानें जलाशय मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांस देतें. संस्था रोहू, कटला, मृगळ ह्यांचें बीज सोडते, आणि सभासद धरतात. म्हणजे एका जलाशयाचा पूर्ण हिस्सा एका संस्थेचा. आंतली तक्षीम संस्थेच्या वहीवर. येथें एकंदर मोजणें समुद्रापेक्षां पुष्कळ सोपें: बीज किती सोडलें तें ठाऊक, पाणी किती तें ठाऊक, तोलण्याची जागा बहुधा एकच. भारतांत हिस्सेबंदीचा प्रयोग कोठें सुखानें करतां येईल असें कोणीं पुसलें, तर आम्ही अरबी समुद्राआधीं अशाच एखाद्या जलाशयाकडे बोट दाखवूं.

पण त्याकरितां वही पाहिजे. पाणी आटलें, ठेका बदलला, संस्थेचे दोन तट पडले, अथवा बाहेरचा ठेकेदार पुढें आला, म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो भुक्तीचा: तुम्ही येथें किती वर्षें धरतां, किती धरलें, कशावरून? त्या वेळीं ज्याच्यापाशीं वही नाहीं त्याची गत न्यूझीलंडांतील अर्धवेळ धीवरांची होते. आणि वैतांगीच्या तहासारखा कागद त्याच्यापाशीं बहुधा नसतो. साक्षीदार वृद्ध होतात व जातात. तीन प्रमाणांपैकीं दोन नाहींशीं झालीं कीं उरलेली भुक्ति केवळ बोलण्यावर राहते.

(८) संग्राहकांस विनंति

कंधारास राष्ट्रकूटकालीन जगत्तुंगसागर आजही आहे. त्याचें नांव शिलालेखानें राखलें, म्हणून आम्ही त्याविषयीं अभिमानानें लिहितों. त्या तलावांत हजार वर्षें कोणी मासे धरले असतील. त्यांचा वांटा काय होता, कोणास काय द्यावें लागे, हें सांगणारी एक ओळ आम्हांस पाहावयास मिळालेली नाहीं. जमिनीच्या बिघ्याबिघ्याचा हिशेब दप्तरांत आहे. पाण्यावर जगणाऱ्याचा नाहीं. ही उणीव पुढील पिढीसाठीं तरी भरून काढणें आपल्या हातीं आहे.

म्हणून विनंति अशी. खेडोपाडीं कागद पाहतांना मासळीच्या तोलणीच्या वह्या, ठेक्याचे करार, संस्थांच्या सभांचे वृत्तान्त, बीज सोडल्याच्या पावत्या, नौका व जाळ्यांच्या वांट्यांचे हिशेब दृष्टीस पडल्यास ते रद्दी समजूं नये. वर्षांचा क्रम मोडूं नये. एखादी वही सुबक दिसते म्हणून वेगळी काढूं नये, कारण एकटी वही प्रमाण म्हणून दुबळी ठरते, मालिका बळकट ठरते. कागद कोठें, कोणापाशीं, कोणत्या स्थितींत मिळाला हें टिपून ठेवावें. आणि मुख्य म्हणजे मूळ वह्या आपल्या संग्रहांत न आणतां ज्यांच्या हक्काच्या आहेत त्या संस्थेकडेच राहूं द्याव्या. आपण नक्कल अगर छायाचित्र घ्यावें. त्या अजून इतिहास झालेल्या नाहींत. उद्यां त्या पुराव्यांत लागतील.

प्रारंभीं सांगितलेल्या वह्या आम्हीं विकत घेतल्या नाहींत. घरधन्यास चार गोष्टी सांगून त्या संस्थेच्या चिटणिसाकडे पोंचत्या केल्या. मोजून पाहतां मधल्या दोन वर्षांच्या वह्या मिळाल्या नाहींत. त्या आधींच रद्दींत गेल्या होत्या. त्या दोन वर्षांत त्या तलावावर कोणीं किती मासे धरले हें आतां कोणासही दाखवितां येणार नाहीं. इत्यलम्.